मुक्तस्रोत संगीत स्ट्रीमिंग क्लायंट लायब्ररी

मुक्तस्रोत संगीत स्ट्रीमिंग क्लायंट लायब्ररी म्हणजे दूरच्या सर्व्हरवरील संगीत शोधणे, मागवणे, प्रवाहरूपाने स्वीकारणे आणि वाजवण्यायोग्य करणे ही कामे करणारा आज्ञावलींचा असा संच, ज्याचा सोर्स कोड वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मोकळीक सर्वांना असते. येथे लायब्ररी हा शब्द ग्रंथालय या अर्थाने येत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये जोडून वापरता येणारा तयार कोड असा त्याचा अर्थ आहे. श्रोता अशी लायब्ररी थेट वापरत नाही. मोबाइल ॲप, संगणकावरील प्लेयर किंवा स्पीकरला जोडलेले छोटे उपकरण तिच्या आधाराने चालते.

अशा लायब्ररींचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारच्या लायब्ररी खुल्या व प्रसिद्ध प्रोटोकॉलवर चालतात (उदा. लिबएमपीडीक्लायंट, सबसॉनिक प्रोटोकॉलच्या विविध लायब्ररी). दुसऱ्या प्रकारच्या लायब्ररी एखाद्या कंपनीच्या बंदिस्त सेवेशी जोडतात (उदा. लिब्रेस्पॉट). दोन्हींचा सोर्स कोड खुला असला, तरी त्यांचे आयुष्य मुख्यतः प्रोटोकॉल कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

इतिहास

म्युझिक प्लेयर डीमन (एमपीडी) हा प्रकल्प २००३ साली सुरू झाला. यात संगीत वाजवणारा सर्व्हर आणि त्याला आज्ञा देणारा क्लायंट हे वेगळे असतात. त्यांच्यातील संवाद साध्या मजकुराच्या ओळींतून चालतो. क्लायंट सहसा ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर आज्ञा पाठवतो. सर्व्हर यशस्वी आज्ञेला 'ओके' व फसलेल्या आज्ञेला 'एसीके' असे उत्तर देतो. प्रोटोकॉल प्रसिद्ध असल्याने अनेक भाषांत क्लायंट लायब्ररी तयार झाल्या. त्यांपैकी सी भाषेतील लिबएमपीडीक्लायंट ही बीएसडी परवान्याखाली उपलब्ध आहे.

सबसॉनिक हा सिंद्रे मेहुस यांनी तयार केलेला सर्व्हर स्वतःच्या संगणकावरील गाणी आंतरजालावरून कोठेही ऐकण्यासाठी वापरला जाऊ लागला. २०१६ मधील ६.० आवृत्तीपासून त्याचा सोर्स कोड बंद करण्यात आला. त्याचा प्रोटोकॉल मात्र प्रसिद्ध होता आणि आधीच्या आवृत्त्यांचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. त्यामुळे लिब्रेसॉनिक व एअरसॉनिक या शाखा निघाल्या. पुढे नाविड्रोमसारखे नव्याने लिहिलेले सर्व्हरही तोच प्रोटोकॉल बोलू लागले. २०२३ मध्ये ओपनसबसॉनिक या नावाने प्रोटोकॉलचा सामुदायिक विस्तार सुरू झाला. मूळ सर्व्हर बंदिस्त होऊनही जुने क्लायंट निरुपयोगी झाले नाहीत.

बंदिस्त सेवांच्या बाबतीत घडामोडी वेगळ्या झाल्या. स्पॉटिफाय ही स्वीडिश सेवा सुरू झाल्यावर २००९ मध्ये डेस्पॉटिफाय हा मुक्तस्रोत क्लायंट प्रसिद्ध झाला. तो सेवेच्या संदेशांचा उलट अभ्यास करून लिहिलेला होता. कंपनीने लगेच विनाशुल्क खात्यांना त्यातून प्रवेश बंद केला. त्याच वर्षी कंपनीने लिबस्पॉटिफाय ही अधिकृत लायब्ररी दिली. ती सशुल्क खात्यांपुरती होती आणि तिचा सोर्स कोड खुला नव्हता. २०१५ मध्ये ती कालबाह्य घोषित झाली व मे २०२२ मध्ये बंद पडली.

लिबस्पॉटिफायला पर्याय म्हणून पॉल लिएतार यांनी २०१५ मध्ये रस्ट भाषेत लिब्रेस्पॉट लिहिण्यास सुरुवात केली. पुढे हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या समूहाकडे गेला. त्याचा परवाना एमआयटी आहे. स्पॉटिफायडी, रास्पॉटिफाय, एनसीस्पॉट इत्यादी सॉफ्टवेअर त्यावर आधारलेली आहेत. मोपिडी या संगीत सर्व्हरचे स्पॉटिफाय विस्तारक आधी लिबस्पॉटिफायवर अवलंबून होते. ती लायब्ररी बंद झाल्यावर ते निकामी झाले आणि लिब्रेस्पॉटचा आधार घेऊन पुन्हा उभे करावे लागले.

रचना

क्लायंट लायब्ररीत सामान्यतः पुढील थर असतात. प्रत्येक थर स्वतंत्र ठेवला, तर एक बदलताना बाकीचे मोडत नाहीत. लिब्रेस्पॉटमध्येही मूळ संपर्क, ध्वनी, माहिती, वादन व शोध यांसाठी वेगळे घटक आहेत.

संपर्क व ओळख: वापरकर्ता कोण आहे हे सर्व्हरला पटवून देण्याचे काम हा थर करतो. सबसॉनिक प्रोटोकॉलमध्ये पासवर्ड थेट पाठवण्याऐवजी त्याला एक यादृच्छिक शब्द जोडून त्याचा एमडी५ हॅश पाठवता येतो. एमडी५ आज कमकुवत समजला जातो, म्हणून जोडणी एचटीटीपीएसवर असणे आवश्यक ठरते. अलीकडच्या सेवांत ओऑथ पद्धत रूढ आहे. तीत ॲपला पासवर्ड न कळता मर्यादित मुदतीचे टोकन मिळते. मुदत संपण्यापूर्वी टोकन नवे करून घेण्याची जबाबदारी लायब्ररीची असते.

सूची व शोध: गाणे, संग्रह, गायक, गीतकार, संगीतकार यांची माहिती सर्व्हरकडून घेऊन ती ठरावीक रचनेत ॲपला देणे हे या थराचे काम असते. सर्व्हर उत्तरे जेसन, एक्सएमएल किंवा प्रोटोबफ स्वरूपात देतो.

विदा मागवणे व बफर: संपूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता सुरुवातीचा भाग येताच गाणे वाजू लागते. एचटीटीपीमधील रेंज विनंतीने फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागवता येतो. त्यामुळे गाण्याच्या मध्यावर उडी मारली, तरी आधीचा भाग उतरवावा लागत नाही. पुढे लागणारा विदा बफरमध्ये साठवला जातो.

डीकोडर: एमपीथ्री, व्हॉर्बिस, ओपस, फ्लॅक अशा संकोचित स्वरूपातून मूळ ध्वनिनमुने काढण्याचे काम डीकोडर करतो. ओपस हे स्वरूप २०१२ मध्ये आंतरजाल मानक म्हणून प्रसिद्ध झाले. एमपीथ्रीचा पेटंट परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपला. त्यामुळे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ते देण्यातील मोठी अडचण दूर झाली.

ध्वनी निर्गम: लिनक्सवरील अल्सा व पल्सऑडिओ किंवा अन्य प्रचालन प्रणालींवरील त्यांच्यासारख्या व्यवस्थांकडे ध्वनिनमुने सोपवले जातात. एखाद्या प्रणालीला बांधून न घेता हा थर बदलता येण्याजोगा ठेवण्याचा प्रघात आहे.

बफरचे गणित

सीडीच्या दर्जाचा असंकोचित ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट आणि २ वाहिन्या असा असतो. त्यासाठी सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. स्ट्रीमिंगमध्ये यापेक्षा बरेच कमी दर वापरले जातात. पाच मिनिटांच्या गाण्यासाठी सेकंदाला ९६ किलोबिट दराने सुमारे ३.६ मेगाबाइट, १६० किलोबिट दराने ६ मेगाबाइट आणि ३२० किलोबिट दराने १२ मेगाबाइट विदा खर्च होतो.

धुळ्याहून पारोळा व एरंडोलमार्गे जळगावला जाणाऱ्या बसमधील श्रोत्याचे उदाहरण घेता येईल. वाटेत ३० सेकंद मोबाइलची रेंज गेली, तर ९६ किलोबिट दराने वाजणारे गाणे न थांबण्यासाठी ३६० किलोबाइट विदा आधीच हाताशी असावा लागतो. ३२० किलोबिट दराने तेवढ्याच वेळेसाठी १,२०० किलोबाइट लागतात. बफर मोठा ठेवला, तर खंड टळतो. मात्र श्रोत्याने गाणे मध्येच बदलल्यास उतरवलेला विदा वाया जातो आणि डेटा पॅक उगाच संपतो. म्हणून चांगली लायब्ररी बफरचा आकार व बिटरेट यांवरील नियंत्रण ॲपकडे देते, तसेच पुन्हा ऐकलेली गाणी सेवेच्या अटींत बसत असल्यास साठ्यातून वाजवते.

विकसन

लायब्ररी बांधताना पहिला निर्णय तिच्या बाह्य रूपाचा असतो. ॲप लिहिणाऱ्याला कोणती फंक्शन उपलब्ध होतील व त्यांची नावे काय असतील, हे आधी ठरवावे लागते. एकदा इतरांची ॲप त्या नावांवर उभी राहिली, की नाव बदलल्याने ती सर्व मोडतात. यासाठी तीन अंकी आवृत्तिक्रमाची पद्धत रूढ आहे. २.४.१ या आवृत्तीत शेवटचा अंक दुरुस्तीचा, मधला जुन्या कोडला बाधा न आणणाऱ्या भरीचा आणि पहिला जुना कोड मोडू शकणाऱ्या बदलाचा निदर्शक असतो.

त्रुटींची हाताळणी हा लायब्ररीच्या दर्जाचा मोठा निकष आहे. 'गाणे वाजले नाही' एवढेच सांगणे पुरेसे नसते. टोकनची मुदत संपली, गाणे सर्व्हरवर नाही, विनंत्या मर्यादेबाहेर गेल्या किंवा सर्व्हर तात्पुरता बंद आहे, ही वेगवेगळी कारणे ॲपला वेगळी कळावी लागतात. कारण प्रत्येकावरील उपाय निराळा असतो. सर्व्हर बंद असल्यास लगेच पुन्हा विनंती करणे घातक ठरते. एक, दोन, चार, आठ सेकंद असे अंतर वाढवत जाणे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालणे ही मान्य पद्धत आहे. तसे न केल्यास बंद पडलेला सर्व्हर सुरू होताच हजारो क्लायंट एकाच क्षणी त्यावर येतात व तो पुन्हा कोसळतो.

चाचण्या खऱ्या सेवेवर चालवणे अवघड असते, कारण त्यासाठी खाते लागते व निकाल नेटवर्कवर अवलंबून राहतात. म्हणून सर्व्हरची उत्तरे नोंदवून ठेवून बनावट सर्व्हरसमोर लायब्ररी तपासली जाते. अर्धवट तुटलेली जोडणी, मोडकी फाइल, रिकामी सूची व देवनागरी नावे या परिस्थितींचा चाचण्यांत समावेश करणे उपयुक्त ठरते.

प्रकल्पाचे संचालन

प्रसिद्धीनंतर कोड लिहिण्यापेक्षा देखभालीला अधिक वेळ जातो. वापरकर्त्यांच्या तक्रारी वाचणे, त्या पुन्हा घडवून पाहणे, इतरांनी पाठवलेले बदल तपासणे, सुरक्षा दुरुस्त्या देणे आणि नव्या आवृत्त्या काढणे ही कामे देखभालकर्ते करतात. बहुतेक प्रकल्पांत ते बिनमोबदला काम करतात. एकच देखभालकर्ता असलेला प्रकल्प त्याला वेळ मिळेनासा झाला, की थांबतो. यासाठी प्रवेशाधिकार एकाहून अधिक व्यक्तींकडे ठेवणे, आवृत्ती काढण्याची रीत लिहून ठेवणे आणि सोर्स कोड व्यक्तीच्या खात्याऐवजी संस्थेच्या खात्यावर ठेवणे हे उपाय केले जातात.

तक्रारीसोबत वापरकर्ते अनेकदा लायब्ररीच्या नोंदींची प्रत जोडतात. त्या नोंदींत पासवर्ड किंवा टोकन उमटत असल्यास ते सर्वांसमोर येतात. म्हणून नोंदींतून गोपनीय भाग आपोआप गाळण्याची व्यवस्था लायब्ररीतच असणे अपेक्षित असते.

नवोदितांना अशा प्रकल्पात प्रवेश करण्यासाठी कोड लिहिता येणे ही एकच वाट नाही. दस्तऐवजांचे लेखन, भाषांतर, जुन्या तक्रारींची छाननी आणि वेगवेगळ्या उपकरणांवर चाचणी यांनाही महत्त्व असते.

सेवेवरील अवलंबित्व

बंदिस्त सेवेवर आधारलेली लायब्ररी सर्व्हरमधील कोणत्याही बदलाने बंद पडू शकते. २०२४ मध्ये स्पॉटिफायने वापरकर्तानाव व पासवर्ड देऊन प्रवेश करण्याची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा लिब्रेस्पॉटला ओऑथचा आधार घ्यावा लागला. लिब्रेस्पॉटचे देखभालकर्ते आपल्या दस्तऐवजात दोन गोष्टी स्पष्ट करतात. हा कोड वापरणे बहुधा सेवेच्या अटींविरुद्ध असून वापरकर्त्याने तो स्वतःच्या जोखमीवर वापरावा, ही पहिली. लायब्ररी केवळ सशुल्क खात्यांसाठी आहे आणि विनाशुल्क खात्यांची सोय केली जाणार नाही, ही दुसरी.

या प्रश्नाच्या दोन बाजू मांडल्या जातात. वर्गणी भरलेल्या श्रोत्याला कंपनीने न निवडलेल्या उपकरणावर किंवा जुन्या संगणकावर ऐकता यावे, दृष्टिहीनांना सोयीचा प्लेयर बनवता यावा, असे मुक्तस्रोत क्लायंटचे समर्थक म्हणतात. दुसरीकडे, सेवेला गाण्यांचे हक्क ठरावीक करारांनी मिळालेले असतात. अनियंत्रित क्लायंटमुळे गाण्यांची नक्कल होईल किंवा वादनाची गणना चुकून कलाकारांच्या मानधनावर परिणाम होईल, असा आक्षेप असतो. खुल्या प्रोटोकॉलवरील स्वतःच्या सर्व्हरला हा वाद लागू होत नाही. मात्र तेथे संगीत मिळवणे, त्याचे हक्क सांभाळणे व सर्व्हर चालू ठेवणे ही जबाबदारी चालवणाऱ्यावरच येते.

परवाने व कायदा

एमआयटी व बीएसडी परवान्यांत मूळ लेखकाची सूचना कायम ठेवून कोड बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही वापरता येतो. जीपीएल परवान्यात त्यावरून तयार केलेले सॉफ्टवेअर वितरित करताना सोर्स कोड त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. एलजीपीएल परवाना लायब्ररींसाठी मधला मार्ग देतो. त्यात लायब्ररीतील बदल खुले करावे लागतात, पण तिला जोडलेले ॲप बंदिस्त राहू शकते. कोडचा परवाना गाण्यांना लागू होत नाही. लायब्ररी मुक्त असली, तरी तिच्यातून ऐकलेल्या गाण्यांचा प्रताधिकार जसाच्या तसा राहतो.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (एबी) नुसार, संगणक प्रणालीचा कायदेशीर धारक तिच्याशी स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी प्रणाली जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवू शकतो. अशी माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसणे ही त्यासाठी अट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ मात्र हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडण्यास शिक्षापात्र ठरवते. त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. सेवेच्या अटी हा कायद्याहून वेगळा, करारात्मक विषय आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या मागणीवरून यूट्यूब-डीएल या मुक्तस्रोत साधनाचा कोड गिटहबवरून हटवण्यात आला. नोव्हेंबरमध्ये तो परत ठेवण्यात आला. या घटनेनंतर कोडच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवण्याच्या गरजेकडे लक्ष वेधले गेले.

मराठी व खानदेशी संगीताच्या संदर्भात

क्लायंट लायब्ररी गाण्याविषयीची माहिती कशी वाचते, यावर ते गाणे श्रोत्याला सापडेल की नाही हे अवलंबून असते. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणी भाषेच्या गाण्यांबाबत हा प्रश्न ठळकपणे दिसतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षाखाली सुमारे १८.६ लाख भाषकांची नोंद आहे. आयएसओ ६३९-३ मानकात अहिराणीला 'एएचआर' व खानदेशीला 'केएचएन' हे संकेत आहेत. परंतु एमपीथ्री फाइलींतील आयडी३ माहितीत भाषेच्या रकान्यासाठी आयएसओ ६३९-२ ही जुनी यादी विहित आहे. तीत मराठीला 'एमएआर' हा संकेत आहे, अहिराणीला स्वतंत्र संकेत नाही. परिणामी नियम काटेकोरपणे पाळल्यास अहिराणी गाणे मराठी म्हणून किंवा अन्य भारतीय-आर्य भाषांच्या सामूहिक संकेताखाली नोंदवावे लागते. व्हॉर्बिस व फ्लॅक फाइलींतील माहितीला असे बंधन नाही. तेथे रकान्याचे नाव व मजकूर मोकळेपणाने लिहिता येतो. लायब्ररीने अनोळखी संकेत टाकून न देता तसाच पुढे दिला, तर अहिराणीची नोंद टिकते.

दुसरा प्रश्न लेखनाचा आहे. आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम १० चिन्हे मावतात. नंतरच्या आवृत्त्यांत ही मर्यादा राहिली नाही. मात्र मराठीतील 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांसारख्या शब्दांतील 'ऱ्य' तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: 'ऱ' या एकसंध चिन्हाने, 'र' व नुक्ता अशा जोडीने, किंवा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण पहिल्या दोहोंना एकरूप करते, तिसऱ्याला नाही. शोध घेण्यापूर्वी लायब्ररीने किंवा सर्व्हरने हा भेद स्वतंत्रपणे मिटवला नाही, तर गाणे संग्रहात असूनही सापडत नाही.

तिसरा प्रश्न श्रेयाचा आहे. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या रचना मुलगा सोपानदेव चौधरी व आप्तांनी लिहून ठेवल्यामुळे टिकल्या आणि मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. या रचना पुढे अनेकांनी गायल्या. आयडी३ मध्ये गीतकार व संगीतकार यांचे रकाने वेगळे आहेत. लायब्ररीने केवळ 'कलाकार' हा एकच रकाना ॲपला दिला, तर श्रोत्याला गायिकेचे नाव दिसते आणि बहिणाबाईंचे नाव गळते. ओपनसबसॉनिकमध्ये भूमिकेनुसार सहभागी कलाकारांची नावे देण्याची सोय आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या साहित्याचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९५२ मध्ये आलेल्या बहिणाबाईंच्या कवितांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०१२ अखेर संपली. त्यांना नंतर दिलेल्या चाली व त्यांची ध्वनिमुद्रणे यांचे हक्क वेगळे असतात व त्यांची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. एखाद्या महाविद्यालयाला किंवा ग्रंथालयाला स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, लग्नगीते किंवा कानबाईची गाणी गायकांच्या संमतीने खुल्या प्रोटोकॉलच्या सर्व्हरवर ठेवता येतात. ती ऐकण्यासाठी तयार मुक्तस्रोत क्लायंट उपलब्ध आहेत, नवे ॲप लिहावे लागत नाही.

हे सुद्धा पाहा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
एमपीथ्री
युनिकोड
अहिराणी बोलीभाषा
बहिणाबाई चौधरी
प्रताधिकार कायदा, १९५७